टेंभुर्णे सरांचा सातवा माणूस

सोमवारी सकाळी साडेनऊला नागपूरहून जुन्या गाड्या नेणारा ट्रक आला. टेंभुर्णे सरांची गाडी ट्रकवर चढवली. दहा वाजता ट्रक निघाला. सरांनी फाटक लावलं, पाय धुतले आणि घरात जाऊन वरण-भात खाल्ला.

त्यानंतर सर सव्वा वर्ष जगले. ते जाऊन आता चार महिने झाले. कुरखेड्यात अजूनही त्यांचा विषय निघाला की लोक आधी गाडीबद्दल बोलतात आणि मग हसायला लागतात. मलाही हे लिहायला घेताना दुःखापासून सुरुवात करायची होती. पण दर वेळी नामदेवचा दात आडवा येतो.

सर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत आणि मी तिथला ग्रंथपाल. त्यांची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा, तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. बोलता बोलता ते समोर दिसेल त्या पृष्ठभागावर भागाकार मांडत. माझ्या संदर्भग्रंथांच्या कपाटावर असा एक भागाकार बरेच दिवस होता; शिपायानं तो पुसला तेव्हा सरांनी त्याला विचारलं, "बाकी किती उरली होती, पाह्यलं का?" कोणत्याही अडचणीवर त्यांचं उत्तर एकच, "भागून पाहा." एकदा बारावीचा एक मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, गंजच टेन्शन आलं." सरांनी विचारलं, "आतापर्यंत कोणाकोणाले सांगितलं?" तो म्हणाला, "कोणालेच नाई." "मंग एकट्यानंच उचलून राह्यला का बे? भागून पाह्य ना. बस इथी, अर्धं मले सांग."

अशा माणसाकडे तालुक्यातली सगळ्यात मोठी गाडी होती.

चंद्रपूरकडच्या एका ठेकेदारानं ती हौसेनं नवी घेतली होती आणि डिझेल फार पिते म्हणून वर्षाच्या आत सरांना विकून टाकली. चढायला पायरी, छपरावर जाळी, पुढे लोखंडी दांड्यांचा जबडा. आमचा शिपाई म्हणायचा, "सर गाडी नाई चालवत, घर चालवते." सर स्टेअरिंगमागे गादीची घडी घालून बसत, तरी समोरून फक्त त्यांचे केस दिसत. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात ती गाडी वळणावर समोर आली आणि आत कोणीच नाही असं वाटून मी सायकलसकट रस्त्याखाली धानाच्या बांधीत उतरलो. गाडी थांबली. केसांखालून आवाज आला, "तुमी नवीन ग्रंथपाल ना? या, जागा आहे." मी चिखलात उभा होतो. ते चिखलाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

गाडीत त्यांना धरून आठ जागा होत्या, आणि सरांचा नियम असा की बाकीच्या सात भरल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. भाडं ते कोणाकडून घेत नसत. नियमामागचं गणित त्यांनी मला पहिल्याच प्रवासात ऐकवलं.

"ही लिटरले सहा किलोमीटर चालते. एकटा बसलो तर म्या राक्षसच झालो ना जी. पण आठ जण बसले का एका माणसामागं किती पडले? अठ्ठेचाळीस! तुमची फटफटी किती देते?"

"माझी सायकल आहे, सर."

"मंग तुमी बोलूच नका. तुमी जिंकले."

महिन्यातून तीन-चारदा त्यांना ब्रह्मपुरीला किंवा गडचिरोलीला काम असे. त्या दिवशी आठ वाजताच गाडी बसस्टँडसमोरच्या कडुनिंबाखाली लागे. सर खाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "ब्रह्मपुरीत काई काम?" नऊपर्यंत चार-पाच जण जमत. खरी मजा त्यानंतर सुरू होई, कारण उरलेले दोन-तीन जण सर शोधून काढत. माणसाची किती कामं लांबणीवर पडलेली असतात हे मला तिथे कळलं. कोणाचा चष्मा करायचा राहिलेला, कोणाच्या शिलाई मशीनचा पाय तुटलेला, कोणाला मुलीच्या वसतिगृहात जाऊन यायचं. माझ्याकडे पुस्तकांची यादी होती, सरांच्या डोक्यात अख्ख्या कुरखेड्याच्या राहिलेल्या कामांची.

नामदेव म्हणजे बसस्टँडवरचा पानठेलेवाला. एका सकाळी सहा जण होऊन तासभर झाला होता. सर त्याच्या ठेल्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नामदेव, दात कसा हाय?"

"हाय जी. दुखते थोडासा."

"कदीपासून?"

"होळीपासून."

"आता दिवाळी आली बाप्पा! चाल, आज काढून टाकू."

"आज? न् ठेला कोण पाह्यल?"

"ठेल्याले दात हायेत का? बस. एक सीट खाली हाय."

गाडीतल्या सहांनीही जोर धरला, कारण नामदेव बसल्याशिवाय त्यांचीही सुटका नव्हती. एक म्हातारी तर म्हणाली, "जा ना रे नामदेवा, माह्या नातीचा चेहरा पाहू दे, तुह्या दाताचं काय घेऊन बसला." नामदेव बसला. संध्याकाळी परत येताना त्याचा गाल लाडवासारखा सुजलेला होता. एक दात दुखत होता म्हणून काढला होता, आणि शेजारचा डॉक्टरला आवडला नाही म्हणून. आरमोरीच्या रस्त्याकडे वळेपर्यंत तो गाल धरून बसला होता. मग कापसाच्या बोळ्यातून म्हणाला, "सीट एक, दात दोन. आता भागून पाहा सर." सर इतके हसले की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.

सरांच्या पत्नी विमलबाई अंगणवाडी सेविका होत्या. त्या या नियमाकडे नवऱ्याचं दुखणं म्हणून पाहत. त्यांचं माहेर सावली गावचं. सावलीला जायचं तर कुरखेड्यात सावलीला काम असलेले आणखी सहा जण हवेत, आणि ते वर्षातून एकदा मिळाले तर मिळाले. "लोकाईच्या बायका रुसून माहेरी जाते," त्या म्हणत, "मले रुसाले बी सहा जण पाह्यजेत."

त्यांच्या मोतीबिंदूच्या दिवशी मी गाडीत होतो. ब्रह्मपुरीला ऑपरेशन ठरलं होतं. सरांनी सकाळी लवकर गाडी काढली, कडुनिंबाखाली लावली आणि विमलबाईंना सांगितलं की सहा जण झाले की घ्यायला येतो. सहा झाले. तेवढ्यात खेड्यातून आलेला सीताराम नैताम पाय ओढत आला. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. "मास्तर, दवाखान्यात न्यान का?" सरांच्या तोंडून सवयीनं निघालं, "जागा आहे, बस." त्यांनी मागे वळून बोटानं मोजलं. सात. सात म्हटल्यावर त्यांच्या पायानं आपोआप क्लच दाबला.

वडसाच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली. मालगाडी लांबलचक होती. सर आरशात पाहत म्हणाले, "विमल, डॉक्टरची चिठ्ठी घेतली ना?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. विमलबाई गाडीत नव्हत्या. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं होतं की त्या मागून येणार असतील. सीताराम हळूच म्हणाला, "मास्तर, मी उतरू का?"

"तू काऊन उतरशीन? तुह्या पायाची काय चूक?" सर म्हणाले आणि मालगाडीचे डबे मोजत बसले. परत वळलं तर नैतामचा पाय, न वळलं तर बायकोचा डोळा. हा भागाकार त्यांना जमेना. शेवटी त्यांनी घाबरत फोन लावला. विमलबाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मी ब्रह्मपुरीत हाओ. येश्टीनं आली. नंबर बी लागला. तुमी सवाऱ्या उतरवा आरामात, काई घाई नाई."

गाडी सुरू करायला सरांना दोनदा किल्ली फिरवावी लागली. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं मोजणी करताना ते आधी मोठ्यानं "विमल" म्हणत आणि मग एक-दोन सुरू करत, विमलबाई घरी भाजी चिरत असल्या तरी.

एवढ्या मोठ्या गाडीचा हट्ट का, हे मी त्यांना एकदाच विचारलं. कडुनिंबाखाली आम्ही दोघंच होतो. ते सहज सांगू लागले, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. त्यांचं गाव मालेवाड्याकडे, जंगलात. मॅट्रिकचं केंद्र कुरखेड्याला. गणिताच्या पेपरच्या दिवशी बस आलीच नाही. ते चालत निघाले. अर्ध्या वाटेत मागून एका ठेकेदाराची जीप आली. त्यांनी हात केला. आत एकच माणूस होता. त्यानं यांच्याकडे पाहिलं आणि जीप पुढे गेली.

"मांगच्या सीटवर त्याची टोपी ठेवली होती," सर म्हणाले. "टोपीले जागा होती जी."

ते पोचले तेव्हा अर्धा पेपर झाला होता. त्या वर्षी ते नापास झाले. "गणितात नापास झालेला गणिताचा मास्तर पाह्यला होता का कुठी?" असं म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारून हसले आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईंना हाक मारली, "बाई, गडचिरोलीत काई काम?"

मग दिवस बदलले, आणि ते चांगल्यासाठीच बदलले. नाल्यांवर पूल झाले. जंगलातल्या गावांपर्यंत डांबर गेलं. घरोघरी मोटारसायकल आली, कोणाकडे छोटी गाडी आली. दाताचा डॉक्टर तर कुरखेड्यातच बसू लागला. मोठ्या गाड्यांची हौस ज्यांनी आणली होती त्या ठेकेदारांनीच ती आधी सोडली. एकाची तसलीच गाडी वडसाच्या रस्त्याला धान्याच्या गोदामामागे उभी असे. तिच्यात कोंबड्या राहत आणि मागच्या सीटवर अंडी घालत. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी बॅटरीच्या गाडीतून आले. कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षं इंजिनाचा आवाज ऐकून हार घेऊन धावायची सवय. या गाडीचा आवाजच नाही. कार्यकर्ते नामदेवच्या ठेल्यावर पान चघळत उभे राहिले आणि साहेब सभेत जाऊन बसलेसुद्धा. हार शेवटी नामदेवच्या ठेल्यावर टांगले गेले.

सर या गोष्टींवर सगळ्यांबरोबर हसत. पण कडुनिंबाखाली आता पाचच जण जमत, मग तीन. सातव्यासाठी ते दुपारी बारापर्यंत थांबत आणि गाडी परत घरी नेऊन लावत. नियम मोडून तिघांना घेऊन निघाले असं कधी झालं नाही. त्या तिघांना बसमध्ये बसवून देत, खिडकीशी उभे राहून बोलत. त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते. ती फोनवर म्हणे, "बाबा, ती गाडी द्या आता, मी तुम्हाला छोटी घेऊन देते." गाडीचं आरटीओ पासिंग अजून होतं, मग कशाला द्यायची, हेच कारण सर दर वेळी सांगत. मला मात्र एकदा ते वाचनालयात वर्तमानपत्र समोर धरून म्हणाले, "ग्रंथपाल, गाडीचं काई नाई. पण उद्या मले कोणी विचारलंच नाई, का सर कुठी चालले, तर?" वर्तमानपत्र उलटं होतं. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

यात आम्ही एक चूक केली. कल्पना नामदेवची, पण मीही सामील होतो, म्हणून ती लिहितो. सरांच्या वाढदिवसाच्या दिवशी सात जणांनी कडुनिंबाखाली जायचं आणि ब्रह्मपुरीला काम आहे म्हणायचं. साडेआठला आम्ही सातही हजर. सरांचा चेहरा असा उजळला की आम्हाला आपलीच पाठ थोपटावीशी वाटली. गाडी निघाली. सर गात नसत, त्या दिवशी पाढ्यांसारखं काहीतरी गुणगुणत होते. वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीत शिरल्यावर त्यांनी गाडी हळू केली.

"हं, नामदेव, तुले कुठी उतरवू?"

"तुमी म्हणान तिथी जी."

"तुले रे, सीताराम?"

"नामदेव उतरन तिथीच."

"ग्रंथपाल, तुमी?"

मला खोटं पटकन सुचत नाही. मी म्हणालो, "मीही तिथेच."

सरांनी गाडी एका झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि वळून आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. मग म्हणाले, "म्हंजे सातही जणाईले काम नाई."

नामदेव म्हणाला, "सर, तुमचा वाढदिवस होता म्हून..."

"दया करून राह्यले का माह्यावर?"

"दया नाई जी, मज्या."

सर पुन्हा समोर वळले. खिशातला खडू काढून त्यांनी समोरच्या काळ्या पट्टीवर काहीतरी मांडलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पंधरा वर्षं म्या डिझेल माणसानं भागलं. कामानं भागाले पाह्यजे होतं. आज खाली शून्य आला. शून्यानं भागता येत नाई." आम्ही शाळेतल्या पोरांसारखे खाली माना घालून बसलो. मला वाटलं, आता हे आम्हाला इथेच उतरवतील.

त्यांनी गाडी सुरू केली ती थेट रक्तपेढीसमोर उभी केली. "उतरा. आलेच हा तर काई तरी करून जा. असं खाली हात मी कोणाले वापस नेणार नाई."

सात जण रांगेत उभे राहिलो. सीतारामला वजन कमी म्हणून परत पाठवलं, तर तो नर्सशी भांडला, "मले काम पाह्यजे बाई, नाई तर मास्तर घरी नेत नाई." तिनं त्याला बिस्किटांची ताटली धरून उभं केलं. आपली भरलेली पिशवी पाहून नामदेव आडवा झाला आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "दात तर नाई ना काढला?" सरांचं वय जास्त म्हणून त्यांचं रक्त घेतलं नाही. ते दारात उभे राहून आमच्या पिशव्या मोजत होते. "सहा पिशव्या न् एक ताटली. ठीक हाय. भाग जाते."

परतीच्या वाटेवर सगळे हसत होते आणि सरही हसत होते. कुरखेड्यात मला घरासमोर उतरवताना ते म्हणाले, "झालं ग्रंथपाल. आता देऊन टाकू." त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तो सोमवार आला.

मुलीनं बॅटरीची छोटी गाडी पाठवली. सर पहिले आठ दिवस तिच्याभोवती फिरत आणि बॉनेटला कान लावत. "चालू हाय का मेली, काई समजत नाई." नवव्या दिवशी त्यांनी ती काढली आणि कोणाचीही वाट न पाहता, शेजारी फक्त विमलबाईंना घेऊन, सावलीला गेले. मेव्हण्याच्या ओट्याजवळ गाडी चार्जिंगला लावली, दुपारभर झोपले आणि संध्याकाळी परत आले. मग हे दर रविवारी होऊ लागलं. सावलीच्या लोकांनी म्हणे विचारलं, भाऊ, घरी काही भांडण झालं का?

आणि ज्याची त्यांना भीती होती तेही झालं नाही. लोक विचारत राहिले. पण आता ते कामाचं विचारत. पोराला बारावीनंतर कुठे घालू, या कागदात काय लिहिलंय. विचारणारे त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. सर खडू काढत.

हिवाळा संपता संपता ते विमलबाईंना गाडी शिकवू लागले, आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर. मी खिडकीतून पाहत असे. गणित शिकवताना ज्यांचा आवाज कधी चढला नाही ते सर "ब्रेक! ब्रेक विमल! तो गोलपोस्ट हाय!" असे ओरडत, आणि विमलबाई शांतपणे म्हणत, "दिसते मले. डोळ्याचं ऑपरेशन झालं ना."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते धानकापणी आटोपल्यावरच्या एका सकाळी. मी सायकलवर होतो. छोटी गाडी समोरून आली, गतिरोधकावरून तशीच उडून गेली. स्टेअरिंगवर विमलबाई. शेजारी सर, दोन्ही हातांनी वरची कडी धरलेली, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि तोंडभर हसू. काच खाली करून ते ओरडले, "ग्रंथपाल, सरका बाजूले! बाई मोकाट सुटली!" विमलबाईंनी हॉर्न वाजवला. मी रस्त्याखाली उतरून त्यांना जाऊ दिलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी सर झोपेतच गेले. घरी बुद्धवंदना झाली. माणसं इतकी आली की बसस्टँडपर्यंत रस्ता गाड्यांनी भरला. छोट्या गाड्या, मोटारसायकली. बहुतेक गाड्यांतून एकेकच माणूस उतरत होता. नामदेव माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सरानं पाह्यलं असतं तर सगळ्याईले वापस धाडलं असतं, भरून या म्हणून." त्या दिवशी आम्ही दोघं हसलो आणि मग रस्ता मोकळा करायला गेलो.

विमलबाई आता एकट्याच गाडी चालवतात. रविवारी सावलीला जातात, संध्याकाळी परत येतात. वाटेत कोणी हात दाखवला तर थांबतात, नाही दाखवला तर जातात.